कुठवर?

ऑफिसात कुणी "चालतंय की, मॅडम" म्हणालं की माझ्या जिभेवर एक शब्द येतो आणि मी तो गिळून टाकते. तो शब्द माझा नाही, बनसोडे सरांचा आहे. आणि तो त्यांच्यासारखा तोंडावर विचारायची माझी लायकी नाही. का नाही, ते पुढं येईलच.

सर मला पहिल्यांदा भेटले साताऱ्यात, पोवई नाक्याजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासात. साल नव्याण्णव. मी तिशीची, पदरात एक लेकरू, शाळेतली तात्पुरती नोकरी सुटलेली, आणि जावा शिकलं की नोकरी ठेवलेलीच असं जो तो सांगत होता. क्लास रविवारी दहाला. खाली चपलांचं दुकान, वर आम्ही बाराजण आणि मशीन पाच. सव्वादहाला जिन्यात पावलं वाजली, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत येणारी. पांढरा बुशशर्ट, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा, काखेत हवा भरायची रबरी उशी. पंचेचाळिशीचा माणूस, दिसत होता साठीचा. सतरा वर्षं सैन्यात सिग्नलला काढलेली. त्या दिवशी ते कवठे महांकाळहून पहाटेच निघून दोन एसट्या बदलून आले होते, आणि दर रविवारी तसेच येणार होते.

त्यांनी उशीतली हवा सोडली, तिची घडी टेबलावर ठेवली आणि फळ्यावर एकाखाली एक चार शब्द लिहिले. पेज, रिक्वेस्ट, सेशन, ॲप्लिकेशन. मग आमच्याकडं वळून म्हणाले, "येष्टीत बसल्यावर कंडक्टर पयलं काय इचारतो?"

"तिकीट," कुणीतरी म्हणालं.

"त्ये मागनं. पयलं इचारतो, कुठवर? तेवढंच तिकीट. म्होरं गेलात तर चोरी. आता जावाचं पान बघा. ब्राउझरनं मागितलं की सर्व्हर पान बनवून देतो. पानात जागा रिकाम्या असत्यात, नाव, गाव, वय. त्या भरायला एक वस्तू लागती, तिला बीन म्हणत्यात. तुमी बीन बनवलं की पान इचारतं, कुठवर? पुस्तकात ह्याला स्कोप म्हणत्यात. आपण कुठवर म्हणू."

मग एकेका शब्दावर खडू टेकवत गेले. "पेज, ह्या खोलीपुरतं. दार वढलं, संपलं. रिक्वेस्ट, निरोप. एका पानानं दुसऱ्या पानाला सांगितला, काम झालं. सेशन म्हंजे पावना. घरात हाय तवर त्याचं ताट त्याचंच, दुसऱ्याचा हात त्यात पडायचा न्हाई. आणि ॲप्लिकेशन..." इथं ते थांबले. खडू बोटांत फिरवत राहिले. "ॲप्लिकेशन म्हंजे गावाची हीर. सर्व्हर चालू हाय तवर हाय, आणि सगळ्यांची. म्हणायला."

"म्हणायला म्हंजे, सर?" पुढच्या बाकावरनं एकानं विचारलं.

"म्हणायला म्हंजे म्हणायला. लिहा."

मीही मुकाट लिहिलं. सरांचं घर बौद्ध, त्यांच्या वडलांनी छप्पन साली धम्म घेतलेला, आणि आज्याला गावच्या विहिरीवर कधी पाऊल ठेवू दिलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा त्यांच्याच एका गाववाल्याकडून कळलं. सरांनी स्वतः कधी सांगितलं नाही. वहीतलं ते 'म्हणायला' तोवर माझ्यासाठी नुसतं परीक्षेचं उत्तर होतं.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या सुमारास आमच्या ह्यांची बदली सांगलीला झाली, आणि सरांनीच मला तिथल्या आपल्या ऑफिसात चिकटवून घेतलं. ऑफिस म्हणजे हळदीच्या गोदामावरच्या दोन खोल्या. दिवसभर नाकात हळद, कीबोर्डच्या फटीत हळद, शिंकून शिंकून जीव जायचा. मालक माने साहेब, सर, मी आणि चहावाला, एवढाच पसारा. माने साहेब वाईट माणूस नव्हते हो. पण त्यांना सगळं काल हवं असायचं. कुठलंही पान एकदा उघडलं की म्हणायचे, "चालतंय की, सर! द्या पाठवून."

सर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "कुठवर?"

साहेब वैतागायचे. मीसुद्धा वैतागायचे, खोटं कशाला बोलू? पान चालत असताना हा माणूस ते पुन्हा पुन्हा बंद करून, दोन खिडक्या उघडून, दोन वेगळी नावं टाकून तपासत बसायचा. घरी लेकरू वाट बघत असायचं आणि ह्यांचं आपलं कुठवर.

त्यांचा थकवा मात्र बघवत नसे. रोज कवठ्याहून येणं-जाणं. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. बायको आधीच गेलेली. दिवसा शेजारीण बघायची, पण तिन्हीसांजेला सर दारात दिसले नाहीत तर म्हातारी अन्नाला तोंड लावायची नाही. म्हणून साडेपाचची एसटी म्हणजे देवाची आरती, चुकायचीच नाही. कधी 'दमलो' म्हणाले नाहीत. फार झालं तर "बॅटरी उतरली" म्हणायचे, उशी फुंकून मानेखाली घ्यायचे आणि खुर्चीतच दहा मिनिटं झोपायचे. फोनवर बोलणं संपलं की सैन्यातल्या वायरलेसच्या सवयीनं शेवटी हळूच "ओव्हर" म्हणायचे. पलीकडची माणसं गोंधळायची. एका गिऱ्हाइकानं तर माझ्याकडं चौकशी केली, "सर आमच्यावर रागावलेत काय हो?"

ज्या कामापायी सगळं घडलं ते मिरजेच्या एका दवाखान्याचं होतं. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा! त्यांच्यातल्याच एका मध्यम आकाराच्या दवाखान्याला वॉर्डात कॉम्प्युटर हवे होते. सिस्टरनं पेशंटचा नंबर टाकायचा, पानावर माहिती यायची, तिथूनच रक्तपेढीची चिठ्ठी छापायची. जावाची ही पानं तेव्हा इतकी नवी होती की सरांचा एक पुतण्या बंगळूरहून पुस्तकाच्या झेरॉक्स कुरिअरनं पाठवायचा, आणि त्या आल्या की सर हात धुऊन उघडायचे.

पेशंटच्या बीनला आम्ही नाव ठेवलं 'रुग्ण'. त्यातल्या गोष्टी मराठीच, फक्त इंग्रजी अक्षरांत. तिथंच पहिली शोभा झाली. पानावर गावाची जागा भरेना, नुसती चूक फेकत होतं. अख्खा दिवस गेला. शेवटी सरांनी दोन कागद शेजारी शेजारी धरले. बीनमध्ये त्यांनी 'गाव' दोन ए घालून लिहिलं होतं, पानावर मी एकच ए घातला होता.

"मॅडम, बीन म्हंजे घर," सर म्हणाले. "आत शिरून डब्यात हात घालायचा न्हाई. दारात हुबं ऱ्हाऊन मागायचं, गाव द्या. ते देतंय. पण नाव घेऊन हाक मारायची तर नीट मारा. एकाच एनं 'गव' हुतंय. तुमी गव्याला हाक मारून गावाला बोलावताय."

मी हसून हसून बेजार. दुसऱ्या दिवशी भिंतीवर त्यांच्या हातचा कागद लागला: नाव, दोन ए. गाव, दोन ए. वय, एक ए. पुढच्या बदलीनंतर मी सांगली सोडली तेव्हाही तो तिथंच होता, पिवळा पडून.

दवाखान्याच्या जुन्या छापील फॉर्मवर जातीचा रकाना होता. सरांनी तो पानावर घेतलाच नाही. दवाखान्याचे मॅनेजर म्हणाले, "अहो, राहिला एक रकाना." सर म्हणाले, "रक्ताला लागत न्हाई."  उलट रक्ताच्या चिठ्ठीवर गाव कशाला, जागा जाते, असं मॅनेजर म्हणत होते, तर सरांनी तिथं हट्टच धरला. "आपल्यात नावावर मानूस वळखू येत न्हाई साहेब. पाटील म्हणून हाक मारा, अर्धा वॉर्ड उठून बसंल. गावावर वळखू येतोय." परतताना एसटीत खिडकीबाहेर बघत मला म्हणाले, "गाव इचारलं की मागनं आणखी काय काय इचारत्यात, म्हाईत हाय मला. तरी गाव पायजेच." 

आता ते सांगते.

पान सांगलीत आमच्या ऑफिसात झकास चालायचं. मिरजेच्या वॉर्डात मात्र दर वेळी पेशंट हरवायचा. नंबर टाकला, पुढच्या पानावर गेलं की सगळं कोरं. नंतर कळलं कारण. पाहुणा ओळखायला सर्व्हर ब्राउझरकडं एक खुणेची चिठ्ठी देतो, आणि वॉर्डातलं मशीन ती चिठ्ठी घेतच नव्हतं. म्हणजे पाहुणा दर दाराला नवाच. पण त्या दिवशी आम्हाला हे उमगेना. दुपारचे साडेचार. कवठ्याहून फोन आला, म्हातारीला ताप भरलाय. माने साहेब दारात, "उद्या डॉक्टर लोक बघायला येणार हायत, सर."

आमच्या ऑफिसातून टेलिफोनच्या तारेनं दवाखान्याचा सर्व्हर उघडता यायचा. सर मशीनसमोर बसले आणि 'सेशन' खोडून 'ॲप्लिकेशन' लिहिलं. पाहुण्याचं ताट उचलून विहिरीच्या काठावर ठेवलं. पान लगेच चाललं. साहेब खूश होऊन गेले.

"मॅडम," उशी काखेत मारत सर म्हणाले, "ह्ये बरं न्हवं. एक मशीन हाय तवर ठीक, दोन झाली की एकाचं दुसऱ्याला दिसंल. उद्या सकाळी येऊन मी बघतो. न्हाईच आलो, तर तुमी तेवढा शब्द परत बदला. पान बंद पडलं तर पडू द्या, त्यांचं रजिस्टर हाय. इसरू नका."

"बदलते, सर."

सर दुसऱ्या दिवशी आले नाहीत. आईचा ताप वाढलेला. मी मशीनसमोर बसले. शब्द काढला असता तर पान कोरं पडलं असतं, डॉक्टर लोक आले असते, साहेब माझ्यावर डाफरले असते. आणि चालत होतं की! वॉर्डात एकच तर मशीन होतं. मी विसरले नव्हते. अगदी ठरवून हात लावला नाही. मनात म्हणाले, चालतंय की.

डॉक्टर लोकांना पान इतकं आवडलं की त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या वॉर्डात दुसरं मशीन बसवलं.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी रूथ सिस्टर, बायकांच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर, ह्यांनी सुनंदा पाटील नावाच्या बाईचा नंबर टाकला आणि चिठ्ठी छापली. त्याच मिनिटाला दुसऱ्या वॉर्डात कुणीतरी दुसऱ्या सुनंदा पाटीलचा नंबर टाकला होता. चिठ्ठी निघाली ती दुसरीची. नाव तेच, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. रक्ताची पिशवी आली. सिस्टर ती स्टँडला अडकवायला गेल्या आणि सवयीनं चिठ्ठी वाचत बोलल्या, "काय काकी, शिराळ्याच्या तुम्ही? मग नागपंचमीला मजा असेल."

"शिराळ्याची कशानं बाई?" काकी उशीवरनं मान वर करून म्हणाल्या. "मी कवठ्याची. नागाला लय भ्येते मी."

सिस्टरनी पिशवी खाली ठेवली. गट वेगळा होता.

त्या काकी वाचल्या. पण दवाखान्यात हल्लकल्लोळ झाला, आणि दोष कुणाचा? सिस्टरनी नंबर चुकीचा टाकला, दुसरं काय! सिस्टर रडून सांगत होत्या की नंबर बरोबर होता, पण कॉम्प्युटर कुठं चुकतो का? चोवीस वर्षांची नोकरी, आणि त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका, कमिटी शनिवारी ठरवेल. माने साहेबांनी हे आम्हाला येऊन सांगितलं आणि हुश्श करून वर म्हणाले, "आपल्यावर आलं न्हाई बरं का."

 साहेब जेवायला गेल्यावर मी काय केलं असेल? तो शब्द बदलला. 'ॲप्लिकेशन' पुसून 'सेशन'. वॉर्डातलं मशीन ती खुणेची चिठ्ठी का घेत नाही ते एव्हाना मला सापडलं होतं, तिथल्या ब्राउझरमध्ये एक टिक लावली की प्रश्नच मिटत होता. फोनवरून त्यांच्या माणसाकडून तीही लावून घेतली. पान आता अगदी शहाण्यासारखं चालायला लागलं. चुकीचा मागमूस राहिला नाही. मला वाटलं, सरांना वाचवलं. सरांना कसलं, स्वतःला.

शुक्रवारी सर आले. दाढी वाढलेली. आई सावरली होती. मी सिस्टरचं सगळं सांगितलं, खालच्या मानेनं, फक्त शब्द मुद्दाम तसाच ठेवला होता तेवढं सोडून. त्यांनी ऐकून घेतलं, मशीन उघडलं आणि तो शब्द शोधला.

"कुणी बदललं?"

"मी. आता काही होणार नाही, सर. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मंग त्या सिस्टरलाबी कळणार न्हाई. जलमभर तिला वाटंल, आपणच चुकलो." आणि त्यांनी वॉर्डातल्या पानाला हात न लावता कमिटीला दाखवायला एक प्रत काढली आणि तीत 'सेशन' पुसून पुन्हा 'ॲप्लिकेशन' लिहिलं. "दुखणं झाकून डॉक्टरला काय दावायचं, मॅडम?"

शनिवारी कमिटीसमोर आम्ही तिघं गेलो. साहेब रस्ताभर सरांना समजावत होते, कशाला अंगावर घेता म्हणून.  तिथं सरांनी दोन मशीन समोरासमोर मांडायला लावली. एकावर रूथ सिस्टरना बसवलं, डोळे सुजलेले, पदर मुठीत धरलेला. म्हणाले, "सिस्टर, टाका तुमचा नंबर." त्यांनी टाकला. दुसऱ्या मशीनवर सरांनी दुसरा टाकला. "आता छापा." चिठ्ठी सिस्टरच्या मशीनमधून निघाली आणि त्यावर सरांचा पेशंट होता. तीनदा केलं, तीनदा तसंच. मग त्यांनी एकच शब्द बदलला, चौथ्यांदा केलं, आणि चिठ्ठी बरोबर आली.

"नंबर सिस्टरनी बरोबर टाकला व्हता," सर उभे राहून म्हणाले. शिपायासारखे ताठ, हात पँटच्या शिवणीला. "शब्द मी चुकीचा टाकला. चूक माझी हाय."

कमिटीतले एक डॉक्टर म्हणाले, "तीन दिवस हे तसंच होतं? तुमच्याकडं आणखी कुणाला माहीत नव्हतं?"

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होते. सरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "लिहिलं मी. शब्द माझा."

मी बोलले नाही. एवढं साधं वाक्य होतं, मला सांगितलं होतं, मी बदललं नाही.  माणूस किती भित्रा असतो ते मला त्या खुर्चीत कळलं. सिस्टरनी मात्र उठून सगळ्यांसमोर सरांना हात जोडले. सर मागं सरकले. "माझ्याफुडं न्हवं सिस्टर. तुमी गाव इचारलंत म्हणून मी आज हुबा हाय. न्हाईतर तुरुंगात असतो."

सिस्टर सोमवारी कामावर आल्या. दवाखान्यानं कळवलं, काम तुमच्याकडंच राहू द्या, पण तो माणूस इथं नको. माने साहेबांनी सरांना काढलं नाही, फक्त दुसरं काही दिलंही नाही. महिन्याभरानं सर स्वतःच म्हणाले, "आईची बॅटरी आता जास्त दीस न्हाई. मी घरीच बसतो." जाताना भिंतीवरचा कागद नीट चिकटवून गेले.

नव्याण्णव संपायला आलं होतं. सगळीकडं दोन हजार साली कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून बोंब. दुपारी मी सांगली स्टँडवर घरी जायला गाडी बघत उभी होते, तर कवठ्याच्या गाडीत खिडकीला सर. आईची औषधं न्यायला आले होते. उशी मानेखाली, डोळे मिटलेले. मी खिडकीखाली गेले, गज धरला. आता नाही तर कधीच नाही.

"सर, तुम्ही मला सांगून गेला होता. मी विसरले नव्हते. मुद्दाम बदललं नाही. आणि त्या दिवशी बोललेही नाही."

त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"तुमची चूक पेजपुरती, मॅडम," ते म्हणाले. "आता बोललात, पान मिटलं. घरी जावा, लेकरू वाट बघत असंल."

"आणि तुमची, सर?"

 गाडी सुरू झाली होती. आत कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्या बाकाशी आला आणि पंच खडखडवत विचारलं, "कुठवर?"

सर माझ्याकडं बघून एवढंसं हसले. त्यांचं हसणं मी तेव्हाच काय ते बघितलं.

"शेवटपातूर," ते कंडक्टरला म्हणाले, आणि उशी सारखी करून त्यांनी डोळे मिटले.